मचाणावरून दिसलं ते

मी भित्री आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. म्हणजे पुढे माझ्याकडून कुणाला पराक्रमाची अपेक्षा राहणार नाही. मला लिफ्टची भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, भारतातून अवेळी आलेल्या फोनची तर फारच वाटते. गाड्यांचे ब्रेक तपासणं हे माझं काम आहे आणि ते मी चांगलं करते, त्याचंही कारण हेच. लोकांना वाटतं, ही बाई फार काटेकोर आहे. काटेकोर वगैरे काही नाही, मला प्रत्येक गाडी कुठेतरी आदळतानाच दिसते.

अशा बाईनं बंदूक घेऊन मिशिगनच्या जंगलात जावं आणि पहाटेच्या काळोखात झाडावर चढून बसावं, हे माझ्या माहेरी अजून कुणाला खरं वाटत नाही.

झालं असं, की त्याच्या आदल्या हिवाळ्यात ऑफिसातून घरी येताना आमच्या गावाजवळ, नोव्हायजवळच माझ्या गाडीपुढे हरीण आलं. ब्रेक उत्तम लागले, तरी ते आदळलंच. मला खरचटलंसुद्धा नाही. हरीण उठलं, त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि एक पाय ओढत रस्त्याकडेच्या झाडीत गेलं. त्यानंतर मला अंधारात गाडी चालवता येईना. आणि इथला हिवाळा असा, की ऑफिस सुटायच्या आत अंधार हजर. मग नवरा रोज मला सोडायला-आणायला लागला. तोंडानं काही म्हणायचा नाही बिचारा, पण सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा.

माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये एक मैत्रीण बसते. इथलीच, शेतकऱ्याची मुलगी, माझ्याहून बरीच मोठी. नोव्हेंबरच्या मध्यावर हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो, त्या दिवशी आमच्या ऑफिसात फक्त आपले देशी लोक असतात. बाकी सगळे जंगलात. ही बाई तर आठवडाभर गायब असते. तिनं एकदा माझी सगळी रडकथा ऐकून घेतली आणि विचारलं, "तू हरणाला भितेस की अंधाराला?"

"दोन्हीला."

"मग दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील. या वर्षी चल माझ्याबरोबर."

मी हो का म्हटलं ते अजून मला कळलेलं नाही. बहुतेक त्या स्टिअरिंगवरच्या बोटांना कंटाळून म्हटलं असावं.

शिकाऊ माणसाला इथे आधी कोर्स करावा लागतो. तो मी केला. आमच्या वर्गात मला सोडलं तर सगळी शाळकरी पोरं होती आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र मला फार जपून शिकवलं. बंदूक झाडावर चढून बसल्यावरच भरायची, उतरायच्या आधी रिकामी करायची. कमरेचा पट्टा झाडाला बांधल्याशिवाय बसायचं नाही. समोर काय आहे ते बघायचं असेल तर गळ्यातली दुर्बीण उचलायची, बंदुकीवरची नाही. कारण बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघितलं की नळी आपोआप त्या वस्तूवर रोखली जाते, मग ती वस्तू काही का असेना. अंगावर भडक नारिंगी हवंच. तपकिरी घालायचं नाही. पांढरं तर अजिबात नाही, खिशातला रुमालसुद्धा नाही, कारण इथल्या हरणाची शेपटी खालून पांढरी असते आणि झाडीत तेवढीच दिसते.

हे सगळं मी घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, आणि सोफ्यावर बसून सासूबाई ऐकायच्या. त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. आमच्या घरात मटण चालतं, तेव्हा मांसाचा प्रश्न नव्हता. त्यांचा प्रश्न बंदुकीचा होता. "बाईमाणसानं बंदूक हातात घ्यायची काय गरज पडलीये?" असं त्या एकदाच म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, बाईमाणसाला रोज गाडी चालवायची गरज पडलीये." त्यानंतर त्यांनी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. त्यांचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा मोठं असतं. पोळ्या लाटताना लाटण्याचा आवाज वाढतो.

आणि नेमकं मोसम उघडायच्या आठवड्यात नवऱ्याला कामासाठी जर्मनीला जावं लागलं. आईंना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी मैत्रिणीला म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. मला केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं! ती म्हणाली, "त्यात काय, त्यांनाही घेऊन ये. घर मोठं आहे, गरम आहे, टीव्ही आहे."

मैत्रिणीचं शेत उत्तरेला, नोव्हायपासून बऱ्याच लांब. वडील गेल्यापासून ते घर रिकामंच असतं, मोसमात ती तिथे एकटी राहते. आदल्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा तिनं आम्हा दोघींना सगळं फिरून दाखवलं. घरामागून पाऊलवाट निघते, ती रानाच्या कडेकडेनं जाते. एका पडक्या कोठाराशी तिला दोन फाटे फुटतात. डावा फाटा माझ्या मचाणाकडे जातो. उजवा खाली तारेच्या कुंपणाकडे. कुंपणाच्या अलीकडचं रान तिचं, पलीकडचं सरकारी. तिथे परवाना असलेला कुणीही येऊन बसू शकतो आणि पहिल्या दिवशी बसतोच. मचाण म्हणजे झाडाला टेकवून पट्ट्यांनी आवळलेली लोखंडी शिडी आणि तिच्या टोकाला एक जाळीची खुर्ची. इथले लोक त्याला स्टँड म्हणतात. मी मनात मचाण म्हणायचे. आपल्या शब्दानं भीती जराशी आपल्या आवाक्यात येते.

घरी आल्यावर मैत्रिणीनं दाराशेजारच्या खुंटीवरची नारिंगी बंडी आईंना दाखवली. सकाळी घराबाहेर पाऊल टाकायचं असेल तर ही घालायची, नाहीतर निघायचं नाही. मी ते मराठीत सांगितलं, दोनदा सांगितलं, का ते सांगितलं. आईंनी मान हलवली. बंडी जुनी होती, तिच्या पोटावर वाळलेल्या रक्ताचा काळपट डाग होता. हरीण सोलताना वापरलेली असणार. आईंनी त्या डागाकडे बघितलं आणि पदर सावरून त्या आत गेल्या.

पहाटे उठून मी बिनवासाच्या साबणानं आंघोळ केली. तेल नाही, पावडर नाही, तोंडाला क्रीमसुद्धा नाही. हरणाला माणसाचा वास लागता कामा नये. आईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. झोपल्या असतील म्हणून मी हाक मारली नाही. खरं तर त्या झोपलेल्या नाहीत हे मला माहीत होतं. खोकला दाबलेला ऐकू आला होता. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा बघितला असता तर मी गेलेच नसते.

मैत्रिणीनं मला कोठारापर्यंत सोडलं आणि ती ओढ्यापलीकडच्या तिच्या जागी निघून गेली. तिथून मचाणापर्यंतचं अंतर दिवसा अगदीच थोडं वाटलं होतं. आता कपाळावरच्या लाल दिव्यात मला फक्त माझे बूट दिसत होते. वाळक्या पानांवर पाय पडला की एवढा आवाज व्हायचा, की मी थांबायचे. थांबले की मागे कुणीतरी थांबलंय असं वाटायचं. मी राम राम म्हणायला लागले. लहानपणी शौचालय परसात होतं तेव्हा म्हणायचे, त्यानंतर थेट आता. शिडी चढताना पायरी सुटेल म्हणून मी इतकी घट्ट धरली होती, की वर पोचल्यावर बोटं सरळ होईनात. पट्टा बांधला. दोरीनं बंदूक वर ओढली. ती भरताना हातातलं काडतूस पडलं, खाली पानांत कुठेतरी गेलं. दुसरं काढलं.

मग काही करायचंच नव्हतं, नुसतं बसायचं होतं, आणि ते सगळ्यात वाईट. घरात भीती वाटली तर दिवा लावता येतो, टीव्ही लावता येतो, नवऱ्याला उठवून त्याच्या शिव्या खाता येतात. तिथे हलायचंही नव्हतं. माझ्या खाली काहीतरी चालत गेलं, ते काय होतं मला आजही माहीत नाही. 

हळूहळू उजाडायला लागलं. उजाडलं की भीती जाते असं मी धरून चालले होते. तसं काही झालं नाही. उलट अंधारात जे दिसत नव्हतं ते अर्धवट दिसायला लागलं. एक ओंडका हरीण झाला, पुन्हा ओंडका झाला. एका झुडपाला शिंगं आली. समोर गवत माजलेलं पडीक शेत, त्याच्या खालच्या अंगाला दाट झुडपं आणि त्यांच्याही मागे कुंपण. आणि मग लांबवर पहिला बार झाला. त्यापाठोपाठ दुसरा, तिसरा, सगळ्या बाजूंनी. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत फटाके वाजतात तसे, फक्त वरात कुठेच नाही. प्रत्येक बाराला मी खुर्चीतल्या खुर्चीत दचकत होते आणि पट्टा झाडाला घासून करकरत होता.

सूर्य झाडांच्या वर आला तेव्हा खालच्या झुडपांत काहीतरी हललं.

तपकिरी होतं. ते दोन पावलं पुढे आलं आणि थांबलं. कोर्समध्ये अगदी असंच सांगितलं होतं, हरीण सरळ चालत नाही, चालतं, थांबतं, कानोसा घेतं, पुन्हा चालतं. माझं काळीज इतकं उडायला लागलं की बंदूक मांडीवर हलताना दिसत होती. पुन्हा दोन पावलं. फांद्यांच्या मागे, जमिनीपासून दोन हात वर, पांढरं चमकलं. शेपटी. माझा उजवा हात कधी बंदुकीवर गेला ते मला कळलं नाही. मला खात्री झाली होती. आयुष्यात फार कमी गोष्टींची मला इतकी खात्री वाटली असेल.

डावा हात मात्र त्या म्हाताऱ्या मास्तरांचा होता. त्यानं गळ्यातली दुर्बीण उचलली. डोळ्याला लावली तर माझ्याच श्वासाची वाफ काचांवर बसलेली. हातमोज्यानं पुसली. पुन्हा लावली. सगळं थरथरत होतं, फांद्या, गवत, तपकिरी काहीतरी, पांढरं काहीतरी. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली तेव्हा चित्र जरा स्थिर झालं.

आणि त्या हरणानं गुडघ्यावर हात ठेवला.

दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आई चढावर अशाच थांबतात. एक हात गुडघ्यावर ठेवतात, कमरेत वाकतात, दम घेतात. बदामी शाल डोक्यावरून घेतलेली, खाली चॉकलेटी साडी, दुसऱ्या हातात पोटाशी धरलेलं काहीतरी आणि त्यावर पांढरा शुभ्र रुमाल.

मी बंदुकीपासून हात असा काढला, की जणू चटका बसला. "आई!" म्हणून ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही. कानातलं मशीन त्या आंघोळीनंतर बराच वेळ घालत नाहीत, आणि वर शाल. मशीन नसलं की जवळचं तेवढं ऐकू येतं. कोठाराशी त्यांनी डाव्याऐवजी उजवा फाटा धरला होता आणि आता त्या कुंपणाच्या कडेकडेनं, माझ्यापासून लांब लांब चालल्या होत्या. पुन्हा ओरडले. त्या पुन्हा दोन पावलं चालल्या.

तेव्हा मला कुंपणापलीकडे तो नारिंगी ठिपका दिसला. एक माणूस झाडाला पाठ टेकून जमिनीवर बसला होता. तो आईंच्या दिशेलाच बघत होता. तो इतका निश्चल होता, की त्याला काहीतरी दिसलंय हे मला कळलं. काही दिसलं नसतं तर माणूस असा बसत नाही. आणि त्याला काय दिसत असेल हेही मला पक्कं ठाऊक होतं. आत्ताच मी तेच बघितलं होतं.

 त्याला ओरडून सांगायचं होतं, गोळी मारू नको, तिथे माणूस आहे. एवढी वर्षं या देशात काढली, मीटिंगमध्ये इंग्रजीत भांडते, पण त्या वेळी माझ्या तोंडून 'आई, आई, आई' याच्यापलीकडे एक शब्द फुटला नाही. वारा माझ्याच तोंडावर येत होता. आवाज मागे जात असणार.

बंदूक रिकामी केली. एवढ्या घाईतही ते केलं, हात आपोआप करत होते. ती मचाणाच्या आकड्याला अडकवली आणि शिडीवर पाय टाकून खाली झेपावले, तर हिसका बसून मी हवेतच लटकले. पट्टा सोडायचा राहिला होता. झाडाला बांधलेली मी, एक पाय पायरीवर, एक अधांतरी, आणि कमरेची कडी काही केल्या उघडेना. हातमोजे दातांनी ओढून काढले. त्या कडीशी झटताना मी रडत होते, आणि मला अगदी स्पष्ट आठवतंय, मी नवऱ्याला काय सांगू याचा विचार करत होते. तो जर्मनीत असेल, तिकडे दुपार असेल, तो कँटीनमध्ये जेवत असेल.

कडी उघडली. शेवटच्या पायऱ्या मी उतरले नाही, पडले. उठून पळत सुटले. डोक्यावरची नारिंगी टोपी काढून ती हातात धरून हलवत, ओरडत, त्या पडीक शेतातून. गवत कमरेएवढं होतं. पळताना आई दिसायच्या, दिसेनाशा व्हायच्या, पुन्हा दिसायच्या.

तेवढ्यात बार झाला. अगदी जवळ.

आणि ती बदामी शाल खाली गेली.

पुढचं अंतर मी कसं कापलं ते मला सांगता येणार नाही. मला आवाज येत नव्हता, पाय माझे नव्हते. मनात एकच गोष्ट होती, की पहाटे मी हाक मारली नाही. झुडपांत घुसले तेव्हा काट्यांनी तोंड ओरबाडलं, तेही नंतर आरशात बघितल्यावर समजलं.

आई जमिनीवर बसल्या होत्या. पाय पसरून, शाल खांद्यावर घसरलेली, डोळे विस्फारलेले. हातात स्टीलची वाटी तशीच पोटाशी धरलेली. मी त्यांच्या अंगावर पडले. छाती, पोट, पाठ, डोकं चाचपून बघितलं. रक्त कुठेच नव्हतं.

"लागलं का? आई, लागलंय का कुठे?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "केवढा आवाज झाला. पाय गेले माझे."

मी माझं नारिंगी जाकीट काढून त्यांच्या अंगावर घातलं, बटणं लावली, टोपी त्यांच्या अंबाड्यावर दडपून बसवली. मग त्यांना मिठी मारून तिथेच बसून राहिले. 

कुंपणाची तार वाजली. तो माणूस येत होता. बंदूक त्यानं मागेच टाकली होती आणि दोन्ही हात वर धरले होते, जणू आमच्याच हातात बंदुका होत्या. चांगला धिप्पाड, पिकलेल्या दाढीचा. चेहरा मात्र पिठासारखा पांढरा पडलेला. "मी नाही झाडली," तो म्हणत होता. "देवाशपथ, ती मी नाही झाडली. तो बार वरच्या रानातला." मी मान हलवली. तो आमच्यापासून थोडा लांब उभा राहिला आणि मग उभं राहणंही त्याला जमेना, खाली बसला. "मी सेफ्टीचा खटका काढला होता," तो म्हणाला. "माझं बोट चापावर होतं. मला शेपटी दिसत होती. मग तू कुठून तरी नारिंगी हलवत आलीस."  एवढा मोठा माणूस तोंडावर हात घेऊन रडायला लागला.

"काय म्हणतोय?" आईंनी विचारलं.

"विचारतोय, तुम्हाला लागलं नाही ना."

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना इंग्रजी आपण समजतो त्यापेक्षा बरंच कळतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी वाटीवरचा रुमाल काढला. वाटीत दही होतं, निम्मं सांडलेलं.

"तू तशीच निघून गेलीस," त्या म्हणाल्या. "मी उठले होते गं. रागानं पडून राहिले. मग वाटलं, एवढं हत्यार घेऊन काळोखात गेलेली पोर, तिच्या हातावर साधं दही नाही ठेवलं आपण. त्या फ्रिजमध्ये बघितलं, तर व्हॅनिलाचं होतं. म्हटलं असू दे, दहीच आहे. वर साखर घातली."

"आई, ती बंडी! दोनदा सांगितलं होतं मी!"

"आंघोळ करून, हातात दही घेऊन ते रक्ताचं अंगावर चढवू?" क्षणभर त्यांच्या आवाजाला नेहमीची धार आली. मग ती गेली. "आणि मी म्हटलं, तू तर वर बसलीयेस. तुला दिसेनच मी. बाकीच्यांचं माझ्या लक्षातच आलं नाही बघ. तू तर ओळखलंसच असशील मला, लांबून?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि मला तर फारच. पण समोर तो माणूस बसला होता, आणि त्याच्या आणि माझ्यात मला काही फरक दिसत नव्हता.

"नाही ओळखलं," मी म्हटलं. "मलाही हरीणच वाटलं. माझाही हात बंदुकीवर गेला होता."

 माझा तो हात आईंनी हातात घेतला, उताणा केला आणि वाटीत उरलं होतं ते सगळं दही त्यावर ओतलं. मी खाल्लं. ते अतोनात गोड होतं. 

रानात बार चालूच होते. घरापर्यंत जायचं होतं, त्याच वाटेनं, आणि माझ्या अंगावर आता नारिंगी काहीच नव्हतं, नुसता करडा स्वेटर. त्या माणसाच्या ते लक्षात आलं. त्यानं आपलं जाकीट काढून मला घातलं. ते माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं. स्वतःपुरती त्यानं टोपी ठेवली आणि आमच्यापुढे चालायला लागला. चार पावलं टाकली की तो दोन्ही हात तोंडाशी धरून जोरात ओरडायचा, इकडे माणसं आहेत, माणसं येतायत. मी आईंना धरलं होतं आणि त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला होता. कुठे पान वाजलं तरी माझे पाय थांबत होते. प्रत्येक झाडामागे मला कुणीतरी झाडाला पाठ टेकून बसलेलं दिसत होतं, एकदम निश्चल, खात्री झालेलं.

"त्याच्या एकट्याचा आवाज पुरणार नाही," आई म्हणाल्या. "तूही ओरड."

मला आवाज फुटेना. घसा बसला होता. मग त्याच ओरडल्या. आयुष्यभर जिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर गेला नाही अशी ती म्हातारी बाई, अंबाड्यावर शिकाऱ्याची टोपी घातलेली, मान वर करून त्या परक्या झाडांना मराठीत ओरडून सांगायला लागली, "अहो, माणसं आहोत! आम्ही माणसं आहोत!" आवाज चिरकला, तरी थांबल्या नाहीत. मग मीही ओरडायला लागले. त्या माणसाला आमचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तो थांबला, आम्ही त्याच्या बरोबरीला येईपर्यंत उभा राहिला, आणि मग आम्ही तिघंही घर दिसेपर्यंत ओरडत राहिलो.